केकॉन्फिगच्या मदत-मजकुरातील चूक कशी दुरुस्त करावी

लिनक्स कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बिल्ड करायला बसलेला माणूस 'मेक मेनूकॉन्फिग' ही पर्यायांचा मेनू उघडणारी आज्ञा चालवतो, एखाद्या पर्यायावर थांबून प्रश्नचिन्हाची कळ दाबतो आणि समोर येणाऱ्या चार-पाच ओळींच्या भरवशावर वाय (कर्नलमध्येच घ्यायचे), एम (मॉड्यूल, म्हणजे गरजेला जोडायचा वेगळा भाग, करायचे) की एन (नको) हे ठरवतो. त्या ओळी त्या-त्या डिरेक्टरीतल्या केकॉन्फिग या पर्याय नोंदवणाऱ्या फाइलमधून येतात, त्यामुळे तिथली बारीकशी चूकही थेट वाचणाऱ्याच्या निर्णयावर उमटते.

शुद्धलेखनाची चूक चटकन सुधारता येते. मॉड्यूलचे नाव चुकले असेल तर मात्र थांबून पडताळावे, कारण माझ्या मते ती चूक शुद्धलेखनाच्या दहा चुकांपेक्षा जास्त त्रास देते. 'एम निवडल्यास मॉड्यूलचे नाव अमुक असेल' हे वाक्य सी भाषेतल्या कोडफाइलच्या नावाशी न ताडता शेजारच्या मेकफाइलशी, म्हणजे काय बिल्ड करायचे ते सांगणाऱ्या फाइलशी, ताडावे. तिथे त्या पर्यायाच्या 'ऑब्ज' ओळीत जे नाव असते तेच खरे. उदाहरणार्थ, 'एसएनडी-एचडीए-इंटेल' या मॉड्यूलच्या फाइलनावात आडव्या रेघा आहेत, पण 'एलएसमॉड' ही चालू मॉड्यूलची यादी दाखवणारी आज्ञा तेच नाव अंडरस्कोर घालून दाखवते. ते पाहून मजकुरातल्या रेघा बदलायला गेलात, तर बरोबर असलेले बिघडवाल.

दुरुस्ती करताना ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा जपावी. रूढ पद्धत एक टॅब आणि दोन स्पेस अशी आहे, आणि पहिल्या ओळीपेक्षा कमी आत असलेली ओळ आली की मदत-मजकूर संपला असे केकॉन्फिग धरते. मग उरलेले वाक्य त्याला आज्ञा वाटते आणि बिल्ड तिथेच अडते. म्हणून मेनूकॉन्फिग पुन्हा उघडून तो पर्याय डोळ्यांनी पाहावा.

एका पॅचमध्ये, म्हणजे पाठवायच्या बदलाच्या फाइलमध्ये, एकच दुरुस्ती ठेवावी. विषयाची ओळ कशी लिहायची हे त्याच फाइलच्या 'गिट लॉग'मध्ये, म्हणजे जुन्या बदलांच्या नोंदीत, दिसते. खालच्या मजकुरात काय चुकले होते आणि ते कशावरून कळले हे लिहावे. 'गिट कमिट'ला 'एस' हा पर्याय दिला की 'साइन्ड-ऑफ-बाय' ही आपल्या सहीची ओळ आपोआप येते. पुढे 'चेकपॅच' ही स्क्रिप्ट चालवून पॅच तपासावा आणि तो कुणाला पाठवायचा हे 'गेट मेंटेनर' या स्क्रिप्टला विचारावे. बदल सुचवले गेले, तर दुसरी आवृत्ती पाठवताना काय बदलले ते पॅचमधल्या तीन रेघांच्या ओळीखाली लिहावे, म्हणजे ते कर्नलच्या इतिहासात जात नाही.