गेटचा स्कोअर कसा काढला जातो?

सांगलीचे वालचंद महाविद्यालय असो वा कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, एम. टेक.च्या प्रवेशासाठी गेट (अभियांत्रिकी व विज्ञान शाखांतील पदव्युत्तर प्रवेशाची देशपातळीवरील परीक्षा) देणाऱ्या विद्यार्थ्याच्या निकालपत्रकावर दोन निरनिराळे आकडे असतात: १०० पैकी मिळालेले गुण आणि १००० पैकी मिळालेला स्कोअर. गुणांना दहाने गुणले की स्कोअर येतो, हा समज चुकीचा आहे.

आधी गुण मोजावेत. पेपरात ६५ प्रश्न असतात. एकच बरोबर पर्याय असणाऱ्या बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास एका गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश गुण वजा होतात. एकाहून अधिक बरोबर पर्याय असणाऱ्या किंवा संख्या लिहायच्या प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग नसते. मात्र अनेक बरोबर पर्यायांच्या प्रश्नात एखादा बरोबर पर्याय निवडायचा राहिला, तर अंशतः गुणही मिळत नाहीत.

परीक्षार्थींची संख्या मोठी असल्यामुळे एखादा पेपर एकाहून अधिक सत्रांत घेतला गेला असेल, तर गुणांचे सामान्यीकरण होते. प्रत्येक सत्रातील गुणांची सरासरी अधिक प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती विखुरले आहेत याचे माप), तसेच त्या सत्रातील वरच्या ०.१ टक्का विद्यार्थ्यांची सरासरी, या दोन खुणा संपूर्ण पेपरच्या त्याच खुणांशी जुळवल्या जातात. त्यामुळे कठीण सत्र वाट्याला आलेल्याचे नुकसान बरेच टळते. निकालपत्रकावर छापलेले गुण हे असे सामान्यीकरणानंतरचेच असतात.

आता स्कोअर. त्यासाठी दोन आकडे लागतात. पहिला म्हणजे खुल्या प्रवर्गाचे पात्रता गुण: २५ किंवा सरासरी अधिक प्रमाण विचलन, यांपैकी जे जास्त असेल ते. दुसरा म्हणजे वरच्या ०.१ टक्का किंवा वरच्या १० विद्यार्थ्यांच्या (यांपैकी जी संख्या मोठी असेल तिच्या) गुणांची सरासरी. पहिल्याला ३५० आणि दुसऱ्याला ९०० स्कोअर दिलेला असतो. मधले अंतर ५५०. आपल्या गुणांतून पात्रता गुण वजा करावेत, येणाऱ्या संख्येला वरच्यांची सरासरी आणि पात्रता गुण यांच्या फरकाने भागावे, भागाकाराला ५५० ने गुणावे आणि त्यात ३५० मिळवावेत.

समजा, पात्रता गुण ३०, वरच्यांची सरासरी ८० आणि आपले गुण ५० आहेत. २० भागिले ५० म्हणजे ०.४, त्याचे ५५० पट २२०, म्हणून स्कोअर ५७०. दुसऱ्या एखाद्या वर्षी पेपर अवघड निघाला, पात्रता गुण २५ वर आले आणि वरच्यांची सरासरी ७० वर उतरली, तर त्याच ५० गुणांना सुमारे ६५६ स्कोअर मिळेल. केवळ गुण सांगून दोन वर्षांची तुलना करणे म्हणूनच व्यर्थ आहे.

एका बाबतीत फार गोंधळ होतो. इतर मागासवर्गीय आणि आर्थिक दुर्बल घटकांसाठी पात्रता खुल्या प्रवर्गाच्या ९० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांसाठी दोन तृतीयांश असते. पण सूत्रात सर्वांसाठी खुल्या प्रवर्गाचेच पात्रता गुण धरले जातात. त्यामुळे वरील पहिल्या उदाहरणात २० गुणांवर पात्र ठरलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचा स्कोअर २४० येईल. ३५० च्या खालचा स्कोअर म्हणजे नापास, असे मानून अर्जच न भरणे चुकीचे ठरेल.

निकालपत्रकावर वरच्यांची सरासरी छापलेली नसते, परंतु उलट गणिताने ती काढता येते. स्कोअरमधून ३५० वजा करावेत. आपले गुण आणि पात्रता गुण यांच्या फरकाला ५५० ने गुणून येणाऱ्या संख्येला या वजाबाकीच्या उत्तराने भागावे आणि पात्रता गुण मिळवावेत. वरील उदाहरणात २० गुणिले ५५० भागिले २२० म्हणजे ५०, अधिक ३० म्हणजे ८०. स्कोअर पूर्णांकात दिलेला असल्यामुळे पात्रतेच्या अगदी जवळचे गुण असणाऱ्याचे पत्रक या कामी फारसे उपयोगी पडत नाही; त्याच पेपरात अधिक गुण मिळवलेल्या मित्राचे पत्रक घ्यावे. स्कोअर निकालापासून तीन वर्षे ग्राह्य असतो, त्यामुळे हाती दोन पत्रके असतील तर प्रवेशासाठी कोणते वापरायचे, हे त्यांवरील गुण पाहून नव्हे, स्कोअर पाहून ठरवावे.