केमोत तोंड येऊ नये म्हणून: बर्फ आणि सोड्याच्या गुळण्या

फ्लुरोयुरासिल हे केमोचं औषध शिरेतून एकदम टोचून देतात, तेव्हा खरा उपयोगी पडतो तो बर्फ. इंजेक्शनच्या ५ मिनिटं आधी बर्फाचा चुरा तोंडात घ्यायचा आणि एकूण ३० मिनिटं तोंडभर फिरवत राहायचं. विरघळला की लगेच दुसरा. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, औषध तोंडाच्या अस्तरापर्यंत कमी पोचतं. हे औषध रक्तातून लवकर उतरतं, म्हणून अर्धा तास पुरे. मोठे खडे घेऊ नका, कडा टोचतात. बर्फ उकळून गार केलेल्या पाण्याचा, घरून थर्मासमध्ये न्यावा. मासळीवरचा कदापि नको. सोबत ऑक्सॅलिप्लाटिन हे दुसरं केमोचं औषध असेल तर मात्र थंडीने घसा आवळल्यासारखा होतो, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा.

घरी १ लिटर पाण्यात १ चहाचा चमचा मीठ, १ चहाचा चमचा खायचा सोडा, रोज ताजं. ४-५ वेळा गुळण्या, गिळायचं नाही. ब्रश मऊ, माउथवॉश अल्कोहोल नसलेला.

जेवायला उकड्या तांदळाची कोमट पेज. सोलकढी, झणझणीत हुमण (माशाची आमटी), कडक उंडे (गोव्याकडचे पाव) त्या दिवसांत नकोच. ताप ३८ अंश सेल्सियस झाला तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.