पिसं झडताना मलूल झालेली कोंबडी

पिसं झडू लागली तशी आमच्या तांबड्या कोंबडीने अंडी देणं थांबवलं. ते ठीकच, पण अंग फुगवून कोपऱ्यात बसणं, दाण्याकडे पाठ फिरवणं मला खटकलं. शेपटीखाली फुंकर मारून पाहिलं, तर पिसांच्या मुळाशी उवांच्या अंड्यांचे पांढरट झुबके! पशुवैद्यांनी दिलेली पावडर लावली आणि त्यांच्या सांगण्यानुसार पुन्हा लावली, कारण अंड्यांतून नव्या उवा निघतातच. पिसांत सुमारे ८५ टक्के प्रथिनं असतात, म्हणून नेहमीच्या १६ ऐवजी २० टक्के प्रथिनांचं खाद्य ओलसर करून दिलं. नव्या पिसांच्या नळीत रक्त असतं, नुसता हात लागला तरी दुखतं बिचारीला. त्यामुळे औषधापुरतंच उचललं, तेही अंधार पडल्यावर. आता दाणे टिपते, तुराही लाल होतोय. अंड्यांची मला घाई नाही.