गोगलगायीच्या गोळ्या टाकताय? या चुका टाळा

2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात (आताच्या धाराशिवला तेव्हा उस्मानाबादच म्हणत) शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त केली. अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली. तेव्हापासून मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचं नाव गावोगाव झालं. गोळ्या चांगल्या आहेत, पण त्या आमिष आहेत हे विसरलं की पैसे वाया जातात आणि कधी कधी दारातला कुत्राही जातो.

फवारणीचं औषध मागणं

गोगलगाय कीटकवर्गातली नाही, ती मृदुकाय प्राणी आहे. सोयाबीनवरच्या अळीसाठी आणलेलं औषध तिच्यावर मारून फारसं काही होत नाही. कडक उन्हात ती मातीत नाहीतर बांधाच्या दगडाखाली दडलेली असते, तिथे फवारा पोचतच नाही. मेटाल्डिहाइड तिने खावं लागतं. खाल्लं की अंगातला चिकट द्राव भराभर बाहेर पडतो, हालचाल थांबते आणि ती सुकून मरते.

त्यामुळे वेळ चुकली की औषधच चुकलं. जमिनीत ओल हवी, म्हणजे ती बाहेर पडेल. पण गोळ्या टाकल्यावर लगेच धो धो पाऊस नको. एक तर गोळ्या विरघळतात, आणि वर अर्धमेली गोगलगाय भरपूर पाण्यात पुन्हा तरतरीत होते. पाऊस उघडल्यावर, दिवस मावळताना टाका. भर दुपारी टाकलेल्या गोळ्या रात्रीपर्यंत पाखरांच्या आणि कोंबड्यांच्याच समोर पडून राहतात.

ढीग घालणं

सगळ्यात धोकादायक सवय हीच. बांधाच्या कोपऱ्यात मूठभर गोळ्या ओतायच्या आणि निघून जायचं. या गोळ्यांत बहुधा कोंडा किंवा धान्याचं पीठ असतं. गोगलगायीला ते आवडतं, तसंच कुत्र्याला, शेळीला आणि कोंबडीलाही आवडतं. विखुरलेल्या चार गोळ्या कुत्र्याच्या नजरेत भरत नाहीत. ढीग म्हणजे त्याला वाढलेलं ताट.

कृषी विभागाच्या शिफारशीत 2.5 टक्के मेटाल्डिहाइडच्या गोळ्या एकरी 2 किलो सांगितल्या जातात. एकराचे 40 गुंठे, म्हणजे गुंठ्याला 50 ग्रॅम. तेवढ्याच मोजून घ्या, हातमोजे घालून पिकाच्या ओळींमध्ये आणि बांधाच्या कडेने पातळ पसरा. तुमच्या पिशवीवर वेगळं प्रमाण छापलं असेल तर तेच पाळा. ‘एकरी 4 किलो टाकल्या तर दुप्पट मरतील’ हा हिशोब आमिषाला लागू पडत नाही, कारण एका गोगलगायीला मरायला थोडंच खावं लागतं. उरलेल्या गोळ्या फक्त दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडात जायची वाट बघतात.

विहीर, ओढा आणि शेततळ्याच्या काठाला तर टाकूच नका. मेटाल्डिहाइड मातीला घट्ट धरून राहत नाही, पाण्याबरोबर वाहत जातं. ब्रिटनमध्ये पिण्याच्या पाण्याच्या कंपन्यांना ते गाळून काढणं फार जड गेलं. शिवाय पक्षी आणि हेजहॉगसारख्या (साळिंदरासारखा काटेरी) प्राण्यांना धोका, म्हणून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये 31 मार्च 2022 पासून त्याचा उघड्यावरचा वापर बंद आहे. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या शेडमध्ये जुना डबा असेल, तर तो वापरूही नका आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नका. कौन्सिलच्या घातक कचरा केंद्रात द्या. त्या देशांत आता गोगलगायींसाठी लोह-फॉस्फेटच्या गोळ्या चालतात.

जुनी व्हॉट्सॲप कृती

कोंडा, गूळ, यीस्ट आणि मिथोमिल हे कीटकनाशक कालवून आमिष करायची कृती अजूनही गटांमधून फिरते. ती पुढे पाठवू नका. केंद्र सरकारने 2023 मध्ये मिथोमिलवर बंदी घातली आहे. ते अतिशय जहाल आहे, आणि ते घरातल्या घमेल्यात गुळाबरोबर हाताने कालवणं म्हणजे कहर आहे. ‘दाणेदार आहे ना, चालेल’ म्हणत कोनाड्यात उरलेलं फोरेट हे कीटकनाशक टाकणारेही भेटतात; त्याची विक्रीही 2020 अखेर थांबली.

गोळ्या घेताना परवानाधारक कृषी सेवा केंद्रातूनच, पक्क्या बिलावर घ्या. पिशवीवर नोंदणी क्रमांक, बॅच, मुदत आणि रंगीत त्रिकोणाचं चिन्ह पाहा. लाल त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे बिनविषारी असं मात्र नाही. सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देणारा दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी नको म्हणा: 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली लेबलाशिवाय विक्री चालत नाही, आणि विषबाधा झाली तर डॉक्टरला दाखवायला हातात काही उरत नाही.

सगळा भार गोळ्यांवर

एक शंखी गोगलगाय एका खेपेला शेकड्याने अंडी घालते. निव्वळ गोळ्यांवर तिला हरवणं महाग पडतं. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधालगत पसरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचा आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात बुडवा. हे शेजाऱ्यांनीही केलं तरच उपयोग, नाहीतर त्यांच्या बांधावरून त्या पुन्हा येतातच. मीठ बादलीतच ठेवा, शेतात फेकू नका. जमीन खराब होते. वेचताना हातमोजे हवेतच, कारण गोगलगायीच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातल्या जंताची पिल्लं असू शकतात, आणि ती माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतात. मेलेल्या गोगलगायी खड्ड्यात चुना टाकून पुरा. गोळ्या टाकलेल्या शेतात बदकं-कोंबड्या सोडू नका.

विषबाधा झाली तर घरगुती उपाय करत बसणं

कुत्र्याने गोळ्या खाल्ल्या तर साधारण अर्ध्या ते तीन तासांत लाळ, थरथर, तोल जाणं, झटके आणि जबरदस्त ताप दिसू लागतो. यावर ठरावीक उतारा नाही. झटके आणि ताप आवरणं हाच उपचार. म्हणून दूध, तूप, मिठाचं पाणी पाजण्यात वेळ घालवू नका. झटके येत असताना काही पाजलं तर ते श्वासनलिकेत जातं. थेट पशुवैद्यकाकडे न्या, आणि लेबलाची पिशवी बरोबर घ्या. मुलाने गोळ्या खाल्ल्या असतील तर सरळ दवाखान्यात न्या; दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 या क्रमांकावर डॉक्टरांनाही सल्ला देतं.