बोट लागू नये म्हणून काय करावे

गोव्यातल्या मांडवी नदीच्या पात्रात असेपर्यंत सगळे खुशीत असतात. नदीच्या मुखावरचे आग्वादचे टोक मागे पडले, शिडात वारा भरून होडी एका अंगाला कलली, की गप्पा आपोआप बंद होतात. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय. समोरच्या फळीवर खिळलेले डोळे म्हणतात, छे, स्थिर आहोत. मेंदूच्या या गोंधळाचा भुर्दंड पोटाला पडतो.

तयारी आदल्या दिवशीच सुरू करा. फेरी सकाळची घ्या, कारण गोव्यात दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि पाणी उसळू लागते. आदल्या रात्री उर्राक-फेणीसारखी दारू नको, झोप मात्र पुरेशी हवी. शागोतीसारखा मसालेदार रस्सा परत आल्यावर खा.

सकाळी रिकाम्या पोटी निघू नका. ‘पोटात काही नसेल तर उलटी कशाची होणार’ हा हिशेब हमखास चुकतो. उकड्या तांदळाची वाटीभर पेज आणि लोणच्याची एक फोड पुरे.

आता आले. घरगुती उपायांत माझा सर्वाधिक भरवसा यावर. 1988 साली डेन्मार्कमध्ये 80 नौदल छात्रांवर प्रयोग झाला. 1 ग्रॅम सुंठ घेतलेल्यांना उलट्या आणि थंड घाम कमी आला. 1 ग्रॅम म्हणजे साधारण अर्धा छोटा चमचा. निघण्याआधी तासभर कोमट पाण्यातून घ्या, आणि आलेपाकाच्या चार वड्या खिशात ठेवा. त्या चघळायच्या, मळमळ सुरू होण्याची वाट न बघता. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

मनगटाचा बिंदूही करून बघा. तळहात वर करून मनगटाच्या आडव्या रेघेपासून कोपराकडे दुसऱ्या हाताची तीन बोटे आडवी ठेवा. त्यांच्या पलीकडे, मूठ वळल्यावर वर येणाऱ्या दोन दोरीसारख्या कंडरांच्या मधोमध अंगठ्याने दाबा. याच जागी बटण दाबणारे पट्टेही मिळतात. कुणाला गुण येतो, कुणाला नाही. अपाय मात्र काही नाही.

माझ्या भाच्याने दोन्ही मनगटांना पट्टे बांधले आणि होडीत बसून मोबाईलवर रील बघत राहिला. व्हायचे तेच झाले. बोट चालवणाऱ्या दादाने त्याच्याकडचा मोबाईल काढून घेतला, हातात सुकाणू दिले आणि म्हणाला, “दूर बघ, जिथे पाणी संपतं तिथे.” पाव तासात पोराच्या तोंडावर रंग आला. अनमोड घाटात गाडी चालवणाऱ्याला कुठे गाडी लागते? तसेच हे.

म्हणून जागा होडीच्या मध्यभागी पकडा, तिथे हेलकावे कमी बसतात. खाली केबिनमध्ये जाऊ नका, इंजिनाच्या धुरापासून लांब राहा, नजर क्षितिजावर ठेवा. जांभया आणि तोंडाला पाणी सुटणे ही पहिली खूण. तेव्हाच सांगा, लाजू नका.

तरीही उलटी आलीच तर वाऱ्याच्या तोंडाशी उभे राहू नका, सगळे अंगावर येईल. वारा जातो त्या बाजूला वळावे, पण शिडाची होडी नेमकी तिकडेच कललेली असते, वाकताना तोल जायचा. त्यापेक्षा बसल्या जागी बादली मागा.