पुण्यात घर बदलताय? भाडेकराराआधी मुलाच्या शाळेचं बघा

बदली झाली की आपण आधी फ्लॅट बघतो, डिपॉझिट भरतो, सामान लावतो आणि मग शेजारी विचारतो, "इथे जवळ चांगली शाळा कुठली?" हा क्रम उलटा करा. पहिलीला दरवर्षी नवा वर्ग भरतो. दुसरी, तिसरी, चौथीत मात्र बहुतेक वेळा कुणीतरी दाखला काढून गेलं तरच जागा होते. म्हणून घराचं टोकन देण्याआधी त्या भागातल्या चार-पाच शाळांच्या कार्यालयात फोन करा.

फोनवर "ॲडमिशन चालू आहे का?" असं मोघम विचारलं तर "वेबसाइट बघा" एवढंच उत्तर मिळतं. "तिसरीत जागा आहे का? प्रतीक्षा यादीत नाव घालता का?" असं विचारा. वेळही महत्त्वाची. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. निकाल लागल्यावर लोक दाखले काढतात, त्यामुळे मे महिना आणि शाळा उघडल्यानंतरचा पहिला आठवडा या काळात पुन्हा पुन्हा फोन करायला लाजू नका. सीबीएसई शाळांचं वर्ष बहुधा एप्रिलमध्येच सुरू होतं, तिथे ही धावपळ आधी करावी लागते.

शाळा कुणाच्या हद्दीत?

बाणेर पुणे महापालिकेत, वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये आणि हिंजवडीतली सरकारी शाळा जिल्हा परिषदेची. काही किलोमीटरांत तीन वेगवेगळे शिक्षण विभाग! अडचण आली तर कुठल्या कार्यालयात जायचं हे यावरून ठरतं, त्यामुळे आधीच विचारून ठेवा.

खासगी शाळा नवी असेल तर मान्यतेचं पत्र आणि अकरा अंकी यूडायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक) मागा. पुणे जिल्ह्यात अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर होतात, आणि त्यात चकचकीत इमारतीही असतात.

आणखी एक प्रश्न नव्याने आलेल्या पालकांना सुचत नाही: चौथीनंतर काय? पुण्यात कित्येक जुन्या संस्थांची प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असते, पाचवीपासून माध्यमिक शाळा वेगळी. त्याच संस्थेत पाचवीचा प्रवेश आपोआप होतो की पुन्हा अर्ज करावा लागतो, हे आजच विचारा. मूल तिसरी-चौथीत असेल तर सरळ दहावीपर्यंतची शाळा बघणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. दर दोन वर्षांनी मित्र बदलायला लावू नयेत.

परराज्यातून येत असाल तर मराठीची तयारी ठेवा. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं आहे.

कागद

जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला, शेवटचं प्रगतिपुस्तक आणि मुलाचा यूडायसवरचा पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) घ्या. जोडीला जन्मदाखला, आधार आणि फोटो. दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख आणि आईचं नाव तिथेच उभं राहून वाचा. नंतरची दुरुस्ती फार छळते. नव्या शाळेत जागा नक्की झाल्याशिवाय मात्र दाखला काढू नका. परराज्यातला दाखला असेल तर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागेल का, तेही विचारून घ्या.

दाखला यायला उशीर होतोय म्हणून मूल घरी बसवायची गरज नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांना या कारणाने प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही. विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही, तिथे कागद वेळेत द्यावेच लागतात. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारणं मात्र कुठल्याच शाळेला चालत नाही.

मुलाची किंवा पालकांची निवड-चाचणी आणि देणगी, दोन्हींना याच कायद्याच्या कलम १३ ने बंदी आहे. "बिल्डिंग फंड" म्हणून रोख मागितली तर लेखी मागणी आणि पावती मागा. बऱ्याचदा विषय तिथेच मिटतो. नाही मिटला तर त्या हद्दीतल्या शिक्षण विभागात लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घ्या. तोंडी तक्रारीचा मागमूस राहत नाही.

शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागांवर भिस्त ठेवणार असाल तर हे लक्षात घ्या: त्या फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गाला असतात, सोडत ऑनलाइन निघते, आणि भाड्याच्या घराला नोंदणीकृत करार लागतो, तोही अर्ज भरण्याआधीचा. मधल्या वर्गात आलेल्या मुलाला हा मार्ग नाही. त्याच्यासाठी महापालिकेच्या शाळा जरूर बघा. काही ठिकाणी सेमी इंग्रजी आहे, आणि आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात.

शेवटी घर ते शाळा हा रस्ता एकदा शाळेच्या वेळेलाच करून बघा, रविवारी नाही. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत अशी सूचना सरकारने २०२४ मध्ये दिली, तरी शाळेची खरी वेळ विचारा. व्हॅन तुमच्या सोसायटीच्या गेटपर्यंत येते की मुख्य रस्त्यावरच थांबते, तेही व्हॅनवाल्या काकांनाच विचारून घ्या.