किनाऱ्यावरचे दिवे आणि कासवाची पिल्लं

आमचा होमस्टे आंजर्ल्याच्या किनाऱ्याला लागून. ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं घरट्यातून निघाली की उजेडाकडे धावतात. एका पहाटे दोन पिल्लं आमच्या तुळशीपाशी सापडली. त्याच दिवशी पांढरे फ्लडलाइट उतरवले.

समुद्राकडच्या बाजूला अंबर एलईडी लावा, तरंगलांबी ५६० नॅनोमीटरच्या वर. ‘वॉर्म व्हाइट’ घेऊन फसू नका (मी फसलो), त्यात पिल्लांना खेचणारा निळा उजेड उरतोच. दिवा गुडघ्याएवढ्या उंचीवर, वर झाकण, तोंड जमिनीकडे. वाटेवर मोशन सेन्सर, बाकीच्यांना टायमर.

मग रात्री भरतीच्या रेषेवर उभं राहून घराकडे बघा. बल्ब डोळ्यांना दिसला, तर झाकण अजून खाली. पाहुणे कुरकुरतात, बुकिंगच्या मेसेजमध्येच सांगून टाकायचं.